दुसऱ्याच्या दंडावरचा दाब

या, थोडं पुढं सरका. दाराशी बसलेल्याला घर आठवत राहतं, भिंतीला टेकलेल्याला डुलकी लागते. कथा कळते ती मधे मांडीला मांडी लावून बसलेल्याला. आज देवादिकांचं आख्यान नाही. देवानं ज्याच्या छातीत बिनचूक चालणारं काळीज घातलं आणि डोक्यात त्या काळजावर बसवलेला एक चौकीदार घातला, अशा एका साध्या माणसाची हकीकत सांगतो. हसू आलं तर हसा. आता तोही हसतो.

त्रिंबक त्याचं नाव. कन्नडकडच्या एका वाडीतला, मेंढरांमागं फिरणाऱ्या घरचा. वाळूजला कंपन्यांची रांग लागली तेव्हा वाडीतल्या पुष्कळ तरण्यांनी काठी ठेवली आणि पाना धरला, त्यांत तोही. एका कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर लागला, पुंडलिकनगरात दोन खोल्या घेतल्या, आई म्हाळसाबाईला वाडीवरून आणलं, बायको बानाबाई होतीच. मी सांगतो ते १९९३ साल सरत आलेलं. शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणत. त्रिंबक छत्तिशीचा, वजन बावन्न किलो, पाय हरणाचे. आणि गेली कित्येक वर्षं तो मरत होता.

म्हणजे त्याच्या मते. कंपनीच्या बसमध्ये बसला की डाव्या मनगटावर उजव्या हाताची तीन बोटं जायची. जेवताना घास खाली आणि बोटं मनगटावर. आमच्या मारुतीच्या देवळात तो टाळकरी. पण एका एकादशीला पखवाज एका चालीनं निघाला आणि त्रिंबकचा टाळ भलत्याच. महाराजांनी कीर्तन थांबवलं. "त्रिंबकराव, तुमचा टाळ कुणाच्या मागं चाललाय?"

"नाडीच्या, महाराज. कानात वाजती."

महाराज मोठे दयाळू. म्हणाले, "मग तिला म्हणावं, पांडुरंगाच्या दारात जरा हळू चाल." मंडळी हसली. त्रिंबक हसला नाही. तो मोजत होता.

हे वेड आलं कुठून, तेही ऐका. त्याचा बाप सोनाजी आजारी पडला तेव्हा त्रिंबक वीस वर्षांचा होता. बापाच्या पोटात गाठ. बैलगाडीत घालून तालुक्याला नेलं. तिथल्या डॉक्टरानं पोट चाचपलं आणि सोनाजीच्या पाठीवर थाप मारली. "काही नाही बाबा! घरी जा, आवडेल ते खा, मजेत राहा." सोनाजी एवढा खूश, की परतीच्या वाटेवर गाडीत बसून ओव्या म्हणत आला. इकडं त्याच डॉक्टरानं त्रिंबकचा चुलता कारभारी याला लिंबाच्या झाडामागं नेऊन सांगितलं होतं, पंधरा दिवस. चुलत्यानं ते म्हाळसाबाईला सांगितलं, म्हाळसाबाईनं पोटात ठेवलं. घरात रोज गोडधोड सुरू झालं. दोनदा बकरं कापलं. सोनाजी मिशीला पीळ देऊन म्हणायचा, "दुखणं असावं तर असं!" सतराव्या दिवशी तो गेला. त्रिंबकला सगळी हकीकत तेराव्याला कळली, तीही पंगतीत वाढताना.

यात कुणाचं वाईट मन नव्हतं बरं का. त्या काळी ती रीतच होती. रोग्याला धीर द्यायचा आणि नातेवाइकाला खरं सांगायचं. पण मेंढपाळाच्या पोरानं त्यातून जो धडा घेतला तो त्याच्या धंद्यातला होता. कळपातल्या धडधाकट मेंढीला कुणी गोंजारत नाही, तिला काठीच दाखवतात. जिला हातानं पाला भरवायची वेळ येते, ती दोन दिवसांची सोबती. तेव्हा डॉक्टर गोड बोलला, की समजावं, हा झाडामागं जाऊन आला.

मग काय, 'काही नाही' हे दोन शब्द त्रिंबकला यमाच्या घंटेसारखे वाजू लागले. शहरातले सात डॉक्टर झाले. छातीचा फोटो काढला, काळजाच्या कागदी पट्ट्या काढल्या. सातही जण म्हणाले, काही नाही. प्रत्येक 'काही नाही' ऐकून तो अर्धा किलो उतरायचा. एकानंच कपाळाला आठ्या घालून "बघावं लागेल" म्हटलं, तर त्रिंबक पंधरा दिवस त्याचं नाव देवाच्या बरोबरीनं घेत होता. सोळाव्या दिवशी कागद आले, आठ्या गेल्या, आणि तोही म्हणाला, "अहो, काही नाही." त्रिंबकनं त्याला मनातून काढून टाकला.

घरात तर याहून तऱ्हा. एकदा बानाबाईनं सहज शिरा केला. ताट समोर आलं आणि त्रिंबक पांढरा पडला.

"आज गोड का?"

"रवा होता म्हणून."

"खरं सांग. डॉक्टर तुला काय बोलला?"

"मला कोण कशाला बोलंल! खावा गपगुमान."

"गपगुमान म्हणती म्हंजे नक्की बोलला."

तेव्हापासून त्या माउलीनं घरात गोड करणं सोडलं आणि गोड बोलणंही. नवरा छातीला हात लावून बसला, की ती ओरडायची, "उठा की! पाणी कोण भरंल, तुमचा सासरा?" म्हाळसाबाई कोपऱ्यातून साथ द्यायची, "बाप असा आळशी नव्हता रे!" शेजारच्या बायका म्हणत, काय कजाग घर आहे, दुखणाईत माणसाला जगू देईनात. पण शिव्या ऐकल्या की त्रिंबकच्या चेहऱ्यावर रंग यायचा. ज्या मेंढीला काठी दाखवतात ती जगणार, हे त्याला ठाऊक होतं. मी पुष्कळ पतिव्रतांच्या कथा ऐकल्या. नवऱ्याच्या जिवासाठी रोज कडू तोंड करणारी ही एकच.

आता दुसरा गडी आणतो. कडूबा. त्रिंबकच्या शेजारच्या प्रेसवरचा, कन्नडच्या अलीकडच्या एका गावचा, शेतकऱ्याघरचा. आधीची दोन लेकरं गेली म्हणून आई आवडाबाईनं याचं नाव कडूबा ठेवलं. कडू वस्तू काळ तोंडात घालत नाही म्हणतात. याचं वजन ब्याऐंशी किलो. चाळिशीला टेकला तरी गोळी कशी असते ते ठाऊक नाही. डबा उघडला की आधी मिरचीचा ठेचा, मग भाकरी. अधूनमधून डोकं ठणकायचं, तर रुमाल आवळून बांधायचा आणि म्हणायचा, "ऊन लागलं." डिसेंबरातसुद्धा.

एका दुपारी कँटीनमध्ये त्रिंबक त्याला म्हणाला, "कडूबा, एक काम करशील? तू मी हो."

"म्हंजे?"

"डॉक्टर रोग्याला खरं सांगत नाय. नातेवाइकाला सांगतो. मला नातेवाईक व्हायचंय. तू माझे कागद घेऊन रोगी म्हणून बस, मी तुझा भाऊ म्हणून येतो. तुला तो म्हणंल काय नाय. मग मी त्याला बाजूला घेतो, आन् खरं काय ते ऐकतो."

कडूबानं भाकरीचा घास तसाच हातात धरला. "आन् तुझ्या नावानं मला सुई टोचली तर?"

"तुला काय झालंय सुई टोचायला?"

"ते बी खरं," कडूबा म्हणाला. मित्राच्या कामाला नाही म्हणणारा तो नव्हताच.

त्या महिन्यात मुकुंदवाडीच्या अंगाला एक नवा दवाखाना उघडला होता. डॉक्टर बाईमाणूस, नाव साळवे. तिथं या दोघांना कुणी ओळखत नव्हतं, म्हणून तोच ठरला.

या साळवेबाईंचंही दोन शब्दांत सांगायला हवं. शहरातल्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा, नामांतराचा झगडा तेव्हा सोळा वर्षं चालू होता. अठ्ठ्याहत्तरला मराठवाड्यात गावोगाव दलितांची घरं जळाली, त्यांत बाईंच्या वडिलांचंही गेलं. बाई त्या वेळी डॉक्टरकी शिकत होत्या. पुढं सत्याग्रहात बसल्या, तुरुंगात गेल्या, बाहेर येऊन परीक्षा दिली आणि ज्या गावांकडून धूर आला होता त्याच गावांचे ताप उतरवायला बसल्या. वस्तीतल्या काही मंडळींना त्यांच्या औषधाचा गुण चालायचा, आडनाव चालायचं नाही. पण ताप एकशे तीनच्या वर चढला, की आडनाव आपोआप उतरायचं. त्रिंबकला मात्र दुसऱ्याची जात बघायला सवडच नव्हती. तो नाडी बघत होता.

दोघं दवाखान्यात शिरले आणि त्रिंबकचा पहिला बेत तिथंच फसला. दवाखाना म्हणजे एकच खोली. भिंतीला बाक, बाकावर रोगी, समोर बाईंचं टेबल, बाजूला तपासायचा पलंग आणि त्याला पडदा. आत नाही, बाहेर नाही, आणि झाड तर नाहीच.

"नाव?" बाईंनी विचारलं.

"कडू..." कडूबानं जीभ चावली. "त्रिंबक."

"कडू त्रिंबक?"

बाकावर गोजरबाई नावाची एक म्हातारी गुडघा धरून बसली होती. ती म्हणाली, "नाव इसरला तर लई आजारी असंल, बाई. त्याला आधी बघा."

बाईंनी कडूबाच्या दंडाला पट्टा गुंडाळला, फुगा दाबला, पारा पाहिला. पट्टा काढून दुसऱ्या दंडाला बांधला. पुन्हा पाहिला. पाच मिनिटं स्वस्थ बसवून तिसऱ्यांदा पाहिला. त्रिंबक इकडं उभ्या उभ्या गार. हात मनगटावर. बाईंचा चेहरा गोड होतो का, एवढंच तो पाहत होता. तो काही होईना.

"बाई," तो हळूच म्हणाला, "मी ह्यांचा भाऊ. जरा बाजूला येता का?"

"बाजू कुठंय इथं? असती तरी आले नसते. ज्याचं दुखणं त्याच्या तोंडावर सांगायचं, हा माझा नियम." मग त्या कडूबाकडं वळल्या. "ऐका. वरचा दाब दोनशे दहा, खालचा एकशे वीस. डोकं ठणकत असेल. आजपासून गोळी, रोज, चुकवायची नाही. मीठ कमी, ठेचा बंद. परवा पुन्हा दाखवायचं. हयगय केलीत, तर एखाद्या सकाळी उठाल आणि अर्धं अंग उठणार नाही. झोपेतच गेलात तर तेवढंही नाही."

गोजरबाईनं गुडघा सोडला.

आणि त्रिंबकचं काय झालं असेल? त्याला आनंद झाला. खरंच सांगतो, देवाच्या दर्शनानं व्हावा तसा. सोळा वर्षांत पहिल्यांदा एक डॉक्टर रोग्याच्या तोंडावर खरं बोलला! डोळ्यांत पाणी आलं. हात जोडायला निघाला. अर्ध्या वाटेवर त्याच्या ध्यानात आलं, की हे खरं दुसऱ्याच्या देहाबद्दल होतं.

तोवर बाईंनी सोबतचे कागद उलगडले होते. "हे तुमचेच?"

"व्हय," कडूबा म्हणाला.

"यात वजन बावन्न. दोन महिन्यांत तीस किलो? कोणत्या गिरणीचं पीठ खाता?"

बाकावर खसखस पिकली. त्रिंबकनं मान खाली घातली आणि सगळं सांगून टाकलं. बाप, गाडी, लिंबाचं झाड, सात डॉक्टर. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"शहरात एका नावासाठी सोळा वर्षं चाललीत," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही दोघांनी दोन मिनिटांत उरकलं. पण नाव कुणाचंही लावा, दाब या दंडाचा आहे. आता तुम्ही या इकडं, बावन्न किलो."

त्यांनी त्रिंबकची छाती पुढून-मागून ऐकली. दवाखान्याच्या पायऱ्या वीस वेळा चढ-उतर करायला लावल्या आणि पुन्हा ऐकली. मग नळी गळ्यातून काढून टेबलावर ठेवली.

"काही नाही."

त्रिंबकचा चेहरा उतरला. "बाई, खरं सांगा."

"आत्ता ह्यांना तुमच्यादेखत लकवा सांगितला ना मी? मग तुमच्यापासून लपवायला तुम्ही माझे कोण लागता?"

गोजरबाई म्हणाली, "बाई कुणाचं ठेवत न्हाईत, लेकरा. मला तर म्हातारपण झालंय म्हणून सांगितलं. तोंडावर!"

दोघं बाहेर पडले. रस्त्यावर पोलिसांची गाडी उभी होती. त्या दिवसांत चौकाचौकात उभीच असायची. कडूबानं औषधाची चिठ्ठी चोळामोळा केली.

"चल, झालं तुझं काम."

"अरं, गोळ्या घ्यायच्यात तुझ्या."

"माझ्या? तुझे कागद बघून तुझाच रोग वाचला तिनं. दंड माझा, रोग तुझा."

"कागद नंतर उघडले तिनं! दाब आधी बघितला."

कडूबा म्हणाला, "तुला एक सांगू का? अठ्ठ्याहत्तरला मी नामांतराविरुद्धच्या मोर्चात होतो. लई घोषणा दिल्या. तिला कळलं असंल. म्हणून घाबरिवती मला."

"येड्या, तुझं नाव तरी ठावं होतं का तिला? तिच्या लेखी तिनं त्रिंबकला घाबरिवलं!"

उत्तर सुचलं नाही, की खेड्यातला माणूस रागावतो. कडूबा रस्त्यात थांबला. "हे बघ. मी तिच्यावर ईश्वास ठिवायचा, दोनशे दहा म्हणती म्हणून. आन् तू? तुला ती काय नाय म्हणाली. तू ठिवला का? अजून हात मनगटावरच हाय!"

त्रिंबकनं हात झटकन खाली केला.

"आता बोल," कडूबा म्हणाला. "एकच बाई, एकच नळी. तिचं मला सांगितलेलं खरं, आन् तुला सांगितलेलं खोटं, असं कसं? तू नाडी सोड, मी गोळी धरतो. ज्या दिवशी तुझी बोटं मनगटाला लागली, त्या दिवशी मी गोळी थुंकली म्हणून समज."

कडूबाला वाटलं, हा घडीभरात हरेल आणि आपली सुटका होईल. त्रिंबकनं मात्र चिठ्ठी त्याच्या मुठीतून काढून सरळ केली.

मंडळी, व्रतं मी पुष्कळ पाहिली. निर्जळी पाहिली, पायी चालणारे पाहिले, लोटांगण घालत जाणारे पाहिले. पण मनगटाला बोट न लावण्याचं व्रत त्याच साली पाहिलं. पहिले आठ दिवस त्रिंबक दोन्ही हात खिशात घालून हिंडायचा. घास तोंडात, तर दुसरा हात मांडीखाली. दुपारच्या सुट्टीत कँटीनमध्ये दोघं समोरासमोर बसायचे. कडूबा गोळी जिभेवर ठेवायचा आणि विचारायचा, "धरली का नाडी कालपासनं?"

"नाय."

"घे आईची शपथ."

"आईची शपथ."

मग घोट. दोघांच्या तोंडावर सारखीच अवकळा, जणू दोघांनी तीच गोळी गिळली. पहिल्या आठवड्यात एकदा झोपेत बोटं गेली होती. त्रिंबकनं तेही सांगितलं. कडूबानं गोळी हातावर घेऊन बराच विचार केला. "झोपेतलं पाप लागत नाय," असा निवाडा देऊन त्यानं ती गिळली. बानाबाई तिकडं वेगळ्याच काळजीत. नवरा छाती धरेना, तर ओरडायचं कशावरून? पण ओरडायची सवय लागलेली. ती डाळ नासली म्हणून ओरडू लागली.

भीती मात्र गेली नव्हती. तिला हाताचा आधार तुटला एवढंच. साळवेबाईंना त्यानं विचारलं होतं, धडधडलं तर काय करू? त्या म्हणाल्या, "कळ निघाली, घाम फुटला, तर कधीही या, मी उठून बघीन. नुसतं धडधडलं तर चाला. काही असतं तर माझ्या पायऱ्यांवरच दिसलं असतं."

महिना उलटला. कडूबाचा दाब उतरू लागला, तरी बाई म्हणत, अजून गोळी सुटायची नाही. मग संक्रांत आली. कडूबा दोन दिवस आधीच सुट्टी टाकून गावाला गेला. संक्रांतीच्या सकाळी त्रिंबक पहिल्या पाळीला कामावर गेला, आणि दोघांच्या सामाईक कपाटात त्याला कडूबाची गोळ्यांची पट्टी दिसली. तशीच, कागदात गुंडाळलेली.

दोन दिवस. त्रिंबकच्या डोळ्यांपुढं अर्धं अंग न उठलेला कडूबा आला. मुकादमाला काहीबाही सांगून तो निघाला. मध्यवर्ती स्टँडवर गेला तर गाड्या अडखळत चाललेल्या. नामांतराचा निर्णय आज होणार अशी कुजबूज, बंदोबस्त, कन्नडची एसटी कधी सुटेल ते कुणी सांगेना. एक जीप मिळाली. तिनं दौलताबादला आणून सोडलं, ड्रायव्हर म्हणाला, "आगे का भरोसा नहीं भाई, उतरो."

समोर खुलताबादचा घाट. त्रिंबकनं पट्टी उजव्या मुठीत घट्ट धरली आणि चढू लागला. मेंढपाळाचे पाय ते, त्यांना चढाचं काय! पण छातीनं आपलं जुनं तुणतुणं काढलं. घाटाच्या मध्यावर धडधड कानांत, कपाळात, दातांत. कुणी बघत नव्हतं. कडूबा तीस-पस्तीस किलोमीटर लांब. बोटं लावली असती तर कुणाला कळणार होतं? तो एका दगडाशी थांबला. मूठ उघडायची, पट्टी खिशात टाकायची, तीन बोटं मनगटावर, एवढंच काम. पण मग गावात कडूबा विचारणार, धरली का? आणि आईची शपथ. आणि तो थुंकणार.

त्रिंबकनं मूठ आणखी आवळली आणि मोठ्यानं विठ्ठल म्हणत पुढं चालू लागला. कळ आली नाही. घाम आला, तो चढाचा. खुलताबाद गेलं, उतार लागला, वेरूळ आलं. तिथं रिकाम्या ट्रॉलीचा एक ट्रॅक्टर ऊस भरायला कन्नडकडं चालला होता. त्यात तो बसला आणि दिवस मावळायच्या आत कडूबाच्या दारात उभा राहिला; तोंड धुळीनं पांढरं, मूठ मिटलेली.

कडूबा ओट्यावर बसून तिळाची पोळी खात होता. धडधाकट.

"त्रिंबक? मेलं का कुणी?"

त्रिंबकनं मूठ उघडली. घामानं कागदाचा लगदा झाला होता. "गोळी... कपाटात ऱ्हायली तुझी. दोन दिस..."

कडूबानं बंडीच्या खिशात हात घातला आणि दुसरी पट्टी काढली. दोन घरं रिकामी. "कन्नडच्या बाजारातून घेतली की चिठ्ठी दाखवून. मी गोळी चुकवीन व्हय?"

त्रिंबक ओट्यावर बसला. आवडाबाईनं पाण्याचा तांब्या आणून दिला आणि हातावर तिळगूळ ठेवला. तिळगूळ तोंडात टाकून तो म्हणाला, "म्हंजे बाईवर बसला तर तुझा ईश्वास."

"बाईवर? छ्या! मला काय झालंय? मी धडधाकट हाय."

"मग घेतो कशाला?"

कडूबा त्याच्याकडं असा पाहू लागला, जसं एखाद्या मंद पोराकडं बघावं. "अरं येड्या, मी सोडली तर तू नाडी धरशील. आन् धरलीस का मेलास. तुझ्यापायी घेतो मी ती गोळी!"

तेवढ्यात शेजारच्या घरातला रेडिओ बोलू लागला. नामांतर नव्हे, नामविस्तार. बाबासाहेबांचं नाव आणि मराठवाड्याचंही. गल्लीत दोन-चार माणसं जमली. कडूबानं पोळीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला.

"झालं एकदाचं," तो म्हणाला. "आता बाईसमोर गेल्यावर काय म्हणायचं?"

"काय म्हणायचं? दंड पुढं करायचा."

चार दिवसांनी दोघं बाकावर बसले होते. गोजरबाईही होती. बाईंच्या टेबलावर पेढ्यांचा पुडा उघडा होता, येणाऱ्या प्रत्येकाला एकेक. कडूबानं पेढा घेतला, क्षणभर हातात धरला. "अठ्ठ्याहत्तरला मी तिकडल्या मोर्चात होतो, बाई," तो पेढ्याकडं बघत म्हणाला.

"माहीत नव्हतं," बाई म्हणाल्या. "दंड द्या." पारा पाहिला. "एकशे चाळीस, नव्वद. चांगलं आहे. गोळी चालूच ठेवायची. पेढा खा, हातात वितळेल."

कडूबानं तो खाल्ला.

मग त्रिंबक. नळी लागली, पुढून, मागून. "काही नाही," बाई म्हणाल्या.

खोलीतल्या सगळ्यांनी त्याच्याकडं पाहिलं. त्रिंबकनं सदऱ्याची बटणं लावली. ओठ एकदा हलले, जुना प्रश्न दातांपर्यंत आला असावा. "बरं," तो म्हणाला आणि उठला.

"एवढंच?" गोजरबाईनं विचारलं.

"एवढंच, मावशी."

त्रिंबक आज निवृत्त आहे, नातवंडांत आहे. भीती अधूनमधून येते. आली की तो तिला घेऊन चालायला जातो. आणि कडूबा? तीस वर्षं झाली, एक दिवस खाडा नाही. आजही गोळी जिभेवर ठेवताना म्हणतो, "मला काय झालंय? त्रिंबकला झालंय." डॉक्टरवर त्याचा विश्वास अजून बसलेला नाही.

विश्वास असून नाम घेणारे आपण सगळेच. विश्वास नसताना, केवळ दोस्ताचा जीव राहावा म्हणून रोजचा नेम पाळणारा मी हा एकच पाहिला, आणि देव त्याला कोणत्या हिशेबात धरील ते माझ्या महाराजांनाही सांगता आलं नाही. तेव्हा एक मागणं आहे. तुमच्यातल्या पुष्कळांच्या उशाशी आता तसलीच पट्टी असेल. उद्या सकाळी गोळी तोंडात टाकाल, तेव्हा पाण्याचा घोट घेण्याआधी कडूबाची एकदा आठवण काढा.